एक्झॉस्टच्या झोताने डिफ्यूझरला खरोखर किती बळ मिळते?

तळप्रवाह (माटुंगा)

नमस्कार. मी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यांत्रिकी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांची स्पर्धा) संघात गाडीचा तळ आणि डिफ्यूझर, म्हणजे तळाचा मागे वर चढत जाणारा भाग, यांचे काम माझ्याकडे आहे. गाडीत ३७३ सीसीचे एकसिलिंडर इंजिन असून नियमाप्रमाणे सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या रिस्ट्रिक्टरमधून (हवा मर्यादित ठेवणाऱ्या अरुंद वाटेतून) आत येते. स्पर्धा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होईल.

या वर्षीची मांडणी ठरवताना संघात दोन तट पडले आहेत. फॉर्म्युला वनमध्ये २०१० ते २०१३ या काळात एक्झॉस्टचा झोत डिफ्यूझरकडे वळवून मोठा लाभ मिळवला गेला, तेव्हा आपणही सायलेन्सरचे तोंड खाली डिफ्यूझरच्या कडेला आणावे, असे काही जणांचे म्हणणे आहे. उरलेल्यांना त्यात केवळ वजन आणि उष्णतेचा त्रास दिसतो. कोणत्याही बाजूने मत देण्याआधी मला ही गोष्ट मुळापासून समजून घ्यायची आहे. त्या गाड्यांमध्ये हा झोत नेमके कोणते काम करत होता? तो डाउनफोर्स, म्हणजे गाडीला जमिनीकडे दाबणारे हवेचे बळ, स्वतः निर्माण करत होता, की दुसऱ्या कशाला मदत करत होता? शिवाय २०१२ पासून नियमाने एक्झॉस्टची तोंडे वर, साइडपॉडवर (चालकाच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर भागांवर) गेली, तरीही झोत खाली तळापर्यंत कसा पोहोचवला गेला, हे मला अजिबात उमगलेले नाही. ज्यांनी या विषयावर काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रवाही (ठाणे)

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांपासून सुरू केलेले बरे, कारण या विषयावरचे बहुतेक वाद झोत किती मोठा आहे हे न मोजताच होतात.

त्या काळातले फॉर्म्युला वन इंजिन २.४ लिटरचे व्ही ८ होते आणि २००९ पासून त्याला मिनिटाला १८,००० फेऱ्यांची मर्यादा होती. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा सिलिंडर भरतात, म्हणजे मिनिटाला २.४ गुणिले ९,००० इतके लिटर, अर्थात सेकंदाला ३६० लिटर हवा आत जाते. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो धरली तर हे सेकंदाला सुमारे ४३० ग्रॅम झाले. बाहेर पडताना वायूचे तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे असते. ते ८२७ अंश धरले तर त्याची घनता ०.३२ च्या आसपास उतरते आणि आकारमान सेकंदाला साधारण १.३५ घनमीटर होते. ७५ मिलिमीटर व्यासाचे दोन पाइप आहेत असे मानले, तर तोंडाशी वेग सेकंदाला सुमारे १५० मीटर येतो. व्यास मी हिशेबासाठी गृहीत धरला आहे. तो थोडा बदलला तरी पुढचा निष्कर्ष बदलत नाही.

आता या झोताची थेट ढकल काढा. सेकंदाला ०.४३ किलो वस्तुमान गुणिले १५० मीटर वेग, म्हणजे सुमारे ६५ न्यूटन. किलोच्या भाषेत जेमतेम साडेसहा ते सात किलो, आणि झोत सरळ खालून वर मारला तरच ती गाडीला जमिनीकडे दाबेल. वेगवान वळणावर जी गाडी स्वतःच्या वजनाहून अधिक डाउनफोर्स निर्माण करते, तिला सात किलोंसाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. म्हणून झोत स्वतः डाउनफोर्स निर्माण करतो ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते.

खरे काम डिफ्यूझरच्या बाजूच्या कडेला चालते. तळाखालून वेगाने येणारी हवा मागे डिफ्यूझरच्या वाढत्या उंचीत पसरते, तिचा वेग हळूहळू कमी होतो आणि दाब पुन्हा बाहेरच्या दाबाजवळ येतो. डिफ्यूझर हे जितक्या चांगल्या रीतीने करील, तितका त्याच्या पुढच्या तळाखालचा दाब कमी राहतो. कमी दाबाच्या या पट्ट्याला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे शेजारचे मागचे चाक. फिरता टायर जमिनीला टेकतो त्या ठिकाणी समोरून आलेली हवा चेंगरते आणि दोन्ही बाजूंना फेकली जाते. त्यातली आतल्या बाजूची हवा थेट डिफ्यूझरखाली शिरते. ही हवा ऊर्जा गमावलेली आणि गोंधळलेली असल्यामुळे तिथला प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो, डिफ्यूझरची उपयोगी रुंदी घटते आणि तळाखालचा दाब वाढतो.

एक्झॉस्टचा झोत तळाची बाहेरची कड आणि टायरची आतली बाजू यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून मागे सोडला, की तो टायरकडून येणारी हवा अडवतो किंवा तिची दिशा बदलून तिला बाहेर ठेवतो. वातानुकूलित दुकानाच्या दारावर बसवलेल्या यंत्रातून येणारा हवेचा पडदा जसा बाहेरचा उकाडा आत येऊ देत नाही, तसे हे आहे. पडद्याची स्वतःची ताकद थोडी असली तरी तो ज्या दाबाचे रक्षण करतो, तो दाब संपूर्ण तळाच्या क्षेत्रफळावर काम करतो, आणि लाभाचा खरा गुणाकार तिथेच होतो.

यावरून एक गोष्ट ओघाने येते. तळ आणि डिफ्यूझर मुळात चांगले नसतील तर झोताने राखण्यासारखे काही उरत नाही. रेड बुलच्या गाड्या मागच्या बाजूला बऱ्याच उंच ठेवून चालवल्या जात, हा योगायोग नव्हता. मागची उंची वाढवली की डिफ्यूझरचे आकारमान वाढते, पण कडेची फटही वाढते, आणि ती फट झोताने बंद ठेवता आली म्हणूनच ती उंची परवडली. झोत, गाडीची उंची आणि बॉडीवर्क या तिघांचा विचार तिथे एकत्रच झाला होता.

जुना शर्यतप्रेमी (दादर)

प्रवाही यांनी कार्यकारणभाव नीट मांडला आहे. मी त्याला इतिहासाची जोड देतो, कारण या कल्पनेचा मुख्य दोष इतिहासातच सर्वांत स्पष्ट दिसतो.

एक्झॉस्ट डिफ्यूझरमध्ये सोडण्याची कल्पना २०१० ची नाही. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला, साइडपॉडखालचे बोगदे गेले आणि मागच्या चाकांमधल्या लहानशा डिफ्यूझरचे महत्त्व वाढले. त्याच वर्षीच्या रेनॉच्या आरई ४० या गाडीत एक्झॉस्ट डिफ्यूझरमध्ये सोडला होता. त्यानंतर अनेक संघांनी ही पद्धत वापरली, परंतु चालकांची एक तक्रार कायम राहिली. पाय थ्रॉटलवर असेल तेव्हा मागची पकड असते आणि पाय उचलला की ती जाते. वळणात शिरताना चालक पाय उचलतोच, आणि मागची चाके स्थिर राहण्याची सर्वाधिक गरजही त्याच क्षणी असते. १९९८ मध्ये फेरारीने एक्झॉस्टची तोंडे वर, बॉडीवर्कच्या पाठीवर आणली आणि पुढच्या काही वर्षांत जवळपास सगळे तिकडे वळले. थोडा डाउनफोर्स गेला तरी चालेल, पण वागणूक अंदाजात राहावी, असा तो हिशेब होता.

मग २०१० मध्ये रेड बुलचे रचनाकार एड्रियन न्यूई यांच्या आरबी ६ या गाडीने जुनी कल्पना पुन्हा का आणली? माझ्या मते याचे उत्तर इंजिनाच्या नियंत्रणात आहे. पाय उचलल्यावरही थ्रॉटलची झडप उघडी ठेवायची, म्हणजे इंजिन पंपासारखे हवा पुढे ढकलत राहते. हे झाले थंड फुंकणे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे इंधनही सोडायचे आणि ठिणगी इतकी उशिरा द्यायची, की ज्वलनाचा जोर पिस्टनवर न पडता एक्झॉस्टमध्ये जातो. हे गरम फुंकणे. चालकाला ब्रेक लावताना इंजिनाची ढकल जाणवत नाही, पण डिफ्यूझरला मात्र झोत मिळत राहतो. इंधन जास्त जळते, एक्झॉस्ट आणि झडपांवर ताण येतो, आणि पाय उचलल्यावरचा तो फाटका, गुरगुरता आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांच्या तो आजही लक्षात असेल.

२०११ हे या तंत्राचे शिखर होते. त्या मोसमातल्या १९ शर्यतींपैकी १८ पोल पोझिशन (सुरुवातीच्या रांगेतली पहिली जागा) रेड बुलकडे गेल्या आणि त्यांतल्या १५ एकट्या सेबास्टियन व्हेटेलच्या होत्या. आपल्याकडे ग्रेटर नॉइडाच्या बुद्ध सर्किटवर त्या ऑक्टोबरमध्ये पहिली भारतीय ग्रां प्री झाली, ती त्याने याच आरबी ७ गाडीतून पोलवरून जिंकली. रेनॉने त्याच वर्षी आर ३१ मध्ये वेगळी वाट धरली होती: एक्झॉस्टची तोंडे साइडपॉडच्या पुढच्या भागात आणून झोत तळाच्या पुढच्या कडेपासूनच सोडायचा. ती कल्पना मला आजही धाडसी वाटते. अर्थात हंगेरीच्या शर्यतीत पिट स्टॉपनंतर निक हाइडफेल्डच्या गाडीने पेट घेतला, हेही विसरता येत नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत पाय उचललेला असताना थ्रॉटल १० टक्क्यांपेक्षा जास्त उघडी ठेवू नये असे बंधन घातले गेले. इंजिन उत्पादकांच्या सवलतींवरून बराच वाद झाला, त्या शर्यतीत फेरारीचा फर्नांडो अलोन्सो जिंकला, आणि पुढच्या शर्यतीपासून सर्वसंमतीने बंधन मागे घेण्यात आले. २०१२ पासून मात्र एक्झॉस्टची जागा आणि इंजिनाचे मॅपिंग (थ्रॉटल, इंधन व ठिणगी यांचे संगणकी नियंत्रण), दोन्हींवर नियम आले. २०१४ मध्ये १.६ लिटरची टर्बो हायब्रिड इंजिने आल्यावर एक्झॉस्टचे एकच तोंड गाडीच्या मध्यरेषेवर मागे ठेवणे सक्तीचे झाले. तिथून डिफ्यूझरच्या कडेपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. शिवाय वायूतली बरीच ऊर्जा टर्बाइन आधीच काढून घेत असल्यामुळे हा अध्याय तिथे संपला.

तळप्रवाह (माटुंगा)

दोघांचेही मनापासून आभार. पाय उचलल्यावरची अडचण आमच्या चर्चेत आजवर कोणी मांडलीच नव्हती. माझा तिसरा प्रश्न मात्र अजून बाकी आहे. २०१२ च्या नियमात पाइपचा शेवटचा १०० मिलिमीटर भाग सरळ, गोल आणि १० ते ३० अंशांनी वर रोखलेला असावा अशी अट होती, असे मी वाचले. वर रोखलेला झोत खाली कसा वळला? सगळीकडे ‘कोआंडा परिणाम’ असे दोन शब्द लिहून विषय संपवलेला दिसतो.

प्रवाही (ठाणे)

त्या दोन शब्दांनी अर्धेच उत्तर मिळते.

झोत पृष्ठभागाजवळून जाताना भोवतालची हवा स्वतःबरोबर ओढतो. पृष्ठभागाच्या बाजूने नवी हवा सहज येऊ शकत नसल्यामुळे तिथला दाब घटतो आणि झोत पृष्ठभागाला चिकटून त्याच्या वळणाप्रमाणे वळतो. हेन्री कोआंडा या रुमानियन अभियंत्याचे नाव याला मिळाले. परंतु वळण किती तीव्र चालेल याला मर्यादा असते. झोताची जाडी जितकी जास्त आणि वळणाची त्रिज्या जितकी लहान, तितका जास्त दाबफरक लागतो, आणि तो मिळाला नाही तर झोत सुटून जातो. गोल पाइपातून आलेला जाड झोत केवळ या परिणामावर साइडपॉडच्या उतारावरून तळापर्यंत आणणे कठीणच आहे.

उरलेले अर्धे उत्तर बाहेरच्या हवेत आहे. झोताचा वेग जास्त असला तरी तो तापलेला, म्हणून विरळ आहे. मघाचेच आकडे घ्या. झोताचा गतिज दाब, म्हणजे वेगामुळे येणारा दाब, अर्धा गुणिले ०.३२ गुणिले १५० चा वर्ग, म्हणजे सुमारे ३,६०० पास्कल. गाडी ताशी २५० किलोमीटरने जात असेल तर बाहेरच्या हवेचा गतिज दाब सुमारे २,९०० पास्कल. दोन्ही जवळजवळ एकाच पातळीचे आहेत, आणि म्हणूनच बाहेरचा प्रवाह झोताला वळवू शकतो. साइडपॉडचा वरचा पृष्ठभाग मागे आणि खाली उतरता घडवला, की त्यावरून येणारी हवा खाली उतरताना झोतालाही सोबत खाली दाबते. मॅक्लारेनने एमपी ४-२७ मध्ये साइडपॉडच्या बाजूला फुगवटा काढून त्यातल्या पन्हळीत पाइपाचे तोंड ठेवले. सॉबरने सी ३१ मध्ये तोंडापासून तळापर्यंत सलग उतार केला, आणि रेड बुलसह इतरांनी आपापल्या परीने तोच मार्ग घेतला. उतारामुळे साइडपॉडच्या बाजूने मागे जाणाऱ्या हवेची वाट अडते, म्हणून रेड बुलने उताराखालून तिला बोगदा ठेवला होता. बॉडीवर्क त्या दोन वर्षांत एक्झॉस्टचे शेवटचे नळकांडे बनले होते, असे म्हटले तरी चालेल.

यातली नाजूक बाब अशी, की गाडीचा वेग आणि इंजिनाच्या फेऱ्या बदलल्या की दोन गतिज दाबांचे गुणोत्तर बदलते आणि झोत तळावर जिथे आदळतो ती जागाही सरकते. संथ वळणात झोत हवा तिथे न उतरता टायरवर जाऊ शकतो. म्हणून एकाच वेगावर सीएफडी (हवेच्या प्रवाहाचे संगणकावरचे गणित) रन करून कोणी सुंदर रंगीत चित्र दाखवले, तर किमान तीन वेगळे वेग आणि अर्धा थ्रॉटल यांचे निकाल अवश्य मागा. चाक फिरते आणि जमीन सरकती ठेवली नसेल तर टायरकडून येणारी हवा त्या चित्रात नसेलच, आणि तिच्याविना हा प्रश्न सोडवण्याला काही अर्थ उरत नाही.

आता तुमची गाडी. मिनिटाला ९,००० फेऱ्यांना तुमचे इंजिन सेकंदाला जास्तीत जास्त ३० ते ३५ ग्रॅम हवा घेईल. सायलेन्सरनंतर वायू ६०० अंश आणि पाइप ३८ मिलिमीटर मानला, तर वेग सेकंदाला ६५ मीटरच्या आसपास आणि थेट ढकल साधारण दोन न्यूटन, म्हणजे २०० ग्रॅम. एकसिलिंडर इंजिनात एक्झॉस्टचे ठोके सेकंदाला ७५ येतात. सायलेन्सर ते सपाट करतो, पण त्या बदल्यात झोताचा जोरही घेतो, आणि आवाजाच्या चाचणीसाठी सायलेन्सर तर हवाच. शिवाय कारीसारख्या ठिकाणी शंकूंमधून आखलेल्या मार्गावर चालक पूर्ण थ्रॉटल फार थोडा वेळ देतो. पाय उचलल्यावर झोत टिकवण्याचे मॅपिंग तुम्ही करायला गेलात तर सहनशक्तीच्या फेरीतले इंधनाचे गुण जातील. माझे स्पष्ट मत आहे की हे करू नये.

रेझिन (अंबरनाथ)

मी कंपोझिटच्या (कार्बन तंतू आणि रेझिन यांच्या) कामात आहे, म्हणून उष्णतेविषयी थोडक्यात लिहितो. विद्यार्थी संघ बहुधा खोलीच्या तापमानाला पक्व होणारे इपॉक्सी वापरतात. ते वेगळ्या भट्टीत भाजले नसेल तर ६० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते. मुंबईच्या किंवा कोइम्बतूरच्या उन्हात काळा कार्बनचा तळ आधीच तापलेला असतो, त्यावर एक्झॉस्टचा झोत गेला तर थर सुटणे आणि आकार बिघडणे निश्चित आहे. डिफ्यूझरची कड दोन-तीन मिलिमीटर जरी लवली तरी तुमची सगळी आकडेमोड निरुपयोगी होते. फॉर्म्युला वनच्या संघांकडे जास्त तापमान सोसणारी रेझिने आणि सिरॅमिकचे लेप होते, तरीही त्यांचे तळ करपत असत. पाइप वर किंवा बाजूला ठेवलात तरी जवळच्या पॅनलवर तापमान नोंदवणाऱ्या चिकटपट्ट्या लावून एक पूर्ण सराव फेरी करा आणि त्यानंतरच उष्णतारोधक फॉइल कुठे लावायचे ते ठरवा.

जुना शर्यतप्रेमी (दादर)

एक नियमाची बाजू राहिली. एफएसएईच्या (फॉर्म्युला एसएई या विद्यार्थी स्पर्धेच्या) नियमांत गाडीखालची हवा हलवण्यासाठी किंवा काढण्यासाठी शक्तीवर चालणारे साधन वापरण्यास मनाई आहे. केवळ थंड करण्यासाठीचे पंखे त्यातून वगळले आहेत. एक्झॉस्टचे तोंड मागच्या आसापासून ४५ सेंटिमीटरपेक्षा मागे आणि जमिनीपासून ६० सेंटिमीटरपेक्षा वर नसावे, असेही कलम आहे. इंजिनाचा झोत मुद्दाम तळाकडे वळवला तर परीक्षक त्याला शक्तिचालित साधन म्हणतील की नाही, हा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे. तुमच्या स्पर्धेच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेतली शब्दरचना पाहा आणि आयोजकांकडे लेखी शंका पाठवून उत्तर हाती घ्या. तांत्रिक तपासणीच्या रांगेत उभे राहून हा वाद घालू नये.

तळप्रवाह (माटुंगा)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. एक्झॉस्ट तळापासून दूर ठेवावा असे मत मी संघात मांडणार आहे. पण मग टायरकडून आत येणारी हवा झोताविना कशी रोखावी, आणि रोखली गेली हे आमच्या ऐपतीत कसे मोजावे?

प्रवाही (ठाणे)

टायरच्या पुढे तळाच्या बाहेरच्या कडेवर लहान उभी पट्टी आणि तिच्या मागे तळात तिरपी खाच, या दोन गोष्टींपासून सुरुवात करा. पट्टीच्या टोकाशी निर्माण होणारा भोवरा कडेने मागे जातो आणि झोताचे काही काम करतो. त्याला इंजिन लागत नाही आणि पाय उचलल्यावर तो नाहीसाही होत नाही. डिफ्यूझरमधली बाहेरची उभी पडदी टायरपासून थोडी आत घेतली, तर बिघडलेली हवा त्या एकाच कप्प्यात अडकून राहते आणि मधले कप्पे वाचतात. माझा अनुभव असा की बाहेरच्या कप्प्याचा मोह सोडून मधले कप्पे सांभाळणारा संघ पुढे जातो.

मोजण्यासाठी तळाला डिफ्यूझरच्या सुरुवातीच्या रेषेवर आडवी पाच-सहा बारीक छिद्रे पाडून त्यांना नळ्या जोडा. ताशी ६० किलोमीटरला हवेचा गतिज दाब सुमारे १६७ पास्कल, म्हणजे पाण्याच्या स्तंभाचे १७ मिलिमीटर भरतो. तळाखालची घट याच पातळीची असेल, त्यामुळे स्थिर वेगावर तिरपा ठेवलेला पाण्याचा मॅनोमीटर (दाब दाखवणारी पाण्याची नळी) आणि त्यावर रोखलेला मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावरही फरक दिसेल. खर्च करायची तयारी असेल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कमी पल्ल्याचे दाब-सेन्सर शोधा, मात्र ५०० पास्कलच्या आसपासचा पल्ला मागा. मोठ्या पल्ल्याच्या सेन्सरमध्ये तुमचा संकेत हरवून जाईल. प्रत्येक मांडणी दोन्ही दिशांनी चालवा, कारण मुंबईत दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा ताशी ६० च्या चाचणीत सहज मोठी चूक आणू शकतो. शक्य असेल तर पहाटे, वारा पडलेला असताना मोजा आणि आकडे इथे टाका. पट्टीची उंची आणि कोन त्यावरून ठरवता येईल.